म्हशीच्या पाठीवरचं नाव

शिवलिंग बसाप्पा गवळी हे नाव फक्त रेशन कार्डावर होतं. पेठेत त्याला सगळे शिवाप्पा म्हणत. संध्याकाळी पाचला म्हशी दूध कट्ट्यावर आणून उभ्या करायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळ ग्लास त्याच्या हातात द्यायचा, हा त्याचा वाडवडिलांपासूनचा धंदा. जांभळी तालमीची फुटबॉल टीम हा त्याचा नाद. धंदा पोटापुरता होता, जीव सगळा नादात होता. कोल्हापुरात टीम काही निवडायची नसते. ज्या पेठेत पाळणा हलला त्या पेठेची तालीम, विषय संपला.

मॅच हरली की शिवाप्पा दोन दिवस जेवत नाही, असं लोक सांगायचे. साफ खोटं. तो जेवायचा, पण भांडून जेवायचा. त्याची बायको नीलम्मा सीमेपलीकडची, गोकाककडची. ती कपाळावर हात मारून म्हणायची, "अय्यो, तुमच्या टीमला गोल झाला न्हाई की माझ्या आमटीत मीठ न्हाई! असलं कुठं असतंय व्हय?"

पण बायकोशी भांडण म्हणजे नुसता सराव. त्याचं खरं वैर होतं पेपरशी. 'दैनिक करवीर डंका' नावाचा पेपर पेठेत घरोघरी यायचा, आणि त्यात फुटबॉलच्या बातम्या लिहायचा जोतीराम नावाचा एक किडकिडीत बातमीदार. ९३ साली फायनलला पेनल्टीवरून राडा झाला, जांभळी तालीम मैदान सोडून गेली, आणि दुसऱ्या दिवशी जोतीरामनं मथळा दिला, 'जांभळीचा रडीचा डाव'. झालं. त्या दिवसापासून शिवाप्पानं पेपर वाचायचं सोडून मोजायला सुरुवात केली.

मोजायचा म्हणजे हातानं. कट्ट्यावर म्हैस उभी करायची, तिच्या पाठीवर पेपर पसरायचा आणि वीत लावायची. हाडवैरी दगडी तालमीची बातमी एक वीत चार बोटं, जांभळीची नुसती वीत. फोटो निराळा मोजायचा. मग जोतीराम आला की सगळ्या गिऱ्हाइकांसमोर पंचनामा सुरू.

"जोतीराम, ही चार बोटं कुठं गेली?"

"शिवाप्पा, जिंकलेल्या टीमची बातमी मोठीच असती की."

"का म्हणून? जिंकलेल्याला बातमी कशाला पायजे? तेला कप मिळालाय! हरलेल्या माणसाची समजूत काढाय लागती, तेची बातमी मोठी पायजे!"

आता गंमत अशी की हा जोतीराम रोज संध्याकाळी शिवाप्पाच्याच कट्ट्यावर दूध प्यायचा. लहानपणापासूनची सवय, दुसऱ्या गवळ्याचं दूध त्याला पचत नव्हतं. आणि शिवाप्पा त्याला दूध बातमी बघून द्यायचा. जांभळीचं कौतुक आलं असेल तर काठोकाठ ग्लास. बातमी बेताची असेल तर अर्धा. टीका असेल तर नुसता फेस. जोतीराम बिचारा चौदा वर्षं बहुतेक फेसावर जगला. त्याला सर्दी-पडसं झालं, गरम दूध लागलं की त्याची लेखणी जांभळीकडं झुकते, असं दगडी तालमीवाले उघड म्हणत.

असं चाललेलं असताना २००५ साली जांभळी तालमीनं सगळ्या कोल्हापूरचे डोळे पांढरे केले. नायजेरियाचा खेळाडू आणला. पुण्यात कॉलेजात शिकायला आलेला, सहा फूट उंच, नाव ओबिन्ना. तो एस.टी.तून उतरला तेव्हा पेठेतली निम्मी माणसं स्टँडवर होती आणि उरलेली निम्मी तालमीच्या गच्चीवर. ओबिन्नाचा ओबीआण्णा व्हायला एक दिवस लागला. नीलम्मानं नाव ऐकलं आणि तिला कशाचंच नवल वाटलं नाही. "नाव तर आमच्या गोकाककडचंच दिसतंय," ती म्हणाली आणि त्याला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायला लागली. तो तिला आक्का म्हणायचा. ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर दही. तम्मा पाच भाकऱ्या खायचा. तिला सख्खा भाऊ नव्हता, आणि असता तरी त्यानं एवढं मनापासून खाल्लं नसतं.

कट्ट्यावर ओबीआण्णा एका दमात चार ग्लास दूध प्यायचा आणि शिवाप्पा ते लोकांना कीर्तनातल्यासारखं हात नाचवून सांगायचा. दोन सीझनमध्ये गडी मराठी असली रांगडी शिकला की पुण्याला परत गेल्यावर त्याच्या कॉलेजातले मास्तर दचकायचे. पेठेतली पोरं त्याच्या मागनं फिरायची, केसांना हात लावून बघायची, दंडावर बोट घासून रंग निघतोय का ते बघायची. तो हसायचा. तो हसतोय म्हणजे त्याला आवडतंय, असा पेठेचा साधा सरळ समज होता.

आणि खेळायचा म्हणाल तर नाद खुळा! पहिल्या सीझनला अकरा गोल, दुसऱ्याला चौदा. जांभळी तालीम सलग दोन वर्षं सेमीफायनलला गेली. पेपरात मात्र 'जांभळीला विदेशी टेकू' असं छापून आलं. जोतीरामला सबंध आठवडा फेस मिळाला.

मग आली २००७ ची सेमीफायनल. मे महिना, ऊन असं की गॅलरीच्या पायरीवर बसायची सोय नव्हती, आणि समोर दगडी तालीम. दहाव्या मिनिटाला ओबीआण्णानं डोक्यानं गोल मारला, आणि समोरच्या गॅलरीतून माकडाचे आवाज सुरू झाले. आधी चार पोरं, मग चाळीस, मग एका अंगाची सगळी गॅलरी. केळ्याच्या साली मैदानात आल्या. एक अख्खं केळं आलं. ओबीआण्णानं ते उचलून पंचाच्या हातात दिलं आणि पुन्हा खेळायला लागला. तोंडावर तेच नेहमीचं हसू.

शिवाप्पा मात्र हसत नव्हता. "आरं ए बेन्यांनू! माणूस हाय त्यो, आमचा माणूस!" म्हणत तो तारेच्या कुंपणावर चढला. वय बावन्न, वजन नव्वद किलो. वरपर्यंत गेला आणि तिथं त्याचा लेंगा तारेत अडकला. ना इकडं ना तिकडं. तसाच लोंबकळत त्यानं पाच मिनिटं दगडी तालमीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पंचांनी मॅच थांबवली, दोन पोलिसांनी मिळून त्याला सोडवला, लेंगा वरच राहिला. मॅच जांभळी हरली, दोन-एक.

दुसऱ्या दिवशी डंकामध्ये फोटो आला. गोलाचा नव्हे, शिवाप्पाचा, तारेवरचा. मथळा, 'जांभळीच्या समर्थकाचा धुडगूस, सामना पाच मिनिटं बंद'. आणि अगदी शेवटी, जाहिरातीच्या वर, एक ओळ: 'काही प्रेक्षकांनी परदेशी खेळाडूची गंमत केली.'

"गंमत?" शिवाप्पा असा ओरडला की म्हशीनं पान्हा चोरला. "माणसाला माकड म्हणायचं ही गंमत, आणि माझा लेंगा फाटला त्यो धुडगूस व्हय रं?"

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पेठेला ते पटलं. शिवाप्पानं पेपरच्या कचेरीवर मोर्चा काढला. पुढं हलगी, मागं दोनशे माणसं, आणि मधे त्याच्या अकरा म्हशी. त्यांच्या गळ्यात पाट्या, 'माफी छापा'. कचेरीच्या दारात घोषणा झाल्या, संपादक खाली आले, पाणी विचारलं. तेवढ्यात शिवाप्पाची लाडकी म्हैस गौरी दारातून आत शिरली आणि त्या दिवशीच्या अंकांचा गठ्ठा खायला लागली. निम्मा गठ्ठा तिनं शांतपणे संपवला. संपादकही कोल्हापूरचेच, त्यांनी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकट छापली, 'म्हशींनाही रुचतो करवीर डंका'. माफी आली ती आतल्या पानावर, 'हरवले आहेत'च्या खाली. शिवाप्पानं मोजली. दोन बोटं.

दोन तर दोन, माफी ती माफी. पेठेत गुलाल उधळला, रात्रभर पुरेल एवढी हलगी भर दुपारीच वाजवून झाली. शिवाप्पाला खांद्यावर घेतला. दगडी तालमीचं नाक कापलं म्हणून लाडू वाटले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओबीआण्णा कट्ट्यावर आला. एकच ग्लास प्याला. ग्लास धुऊन ठेवला आणि म्हणाला, "आण्णा, आणि एकदा असलं झालं तर मी येणार न्हाई. पुण्यातला एक क्लब बोलवालाय."

शिवाप्पानं गौरीच्या पाठीवर हात ठेवला. "ह्या लक्ष्मीची आण हाय ओबी. दगडीवाल्यांचं म्या सांगू शकत न्हाई, पण आपल्या पेठंत तुझा अपमान झाला, तर ह्यो शिवाप्पा गवळी तुला तोंड दाखवणार न्हाई." ओबीआण्णा मान हलवून पुण्याला गेला. दिवाळीला नव्या सीझनसाठी परत येतो म्हणाला, आणि शिवाप्पानं सहा महिने त्याच एका शब्दावर काढले. पोरगं येणार का, हे तो दर आठ दिवसांनी एस.टी.डी.वरून विचारायचा, आणि प्रत्येक वेळी बिल देताना बूथवाला म्हणायचा, "पोरीचं लगीन ठरवालायसा काय?"

पोरगं आलं. नरकचतुर्दशीला पहाटे उतरलं. शिवाप्पाला आभाळ ठेंगणं झालं, आणि ह्या आनंदात त्याच्या डोक्यात ती कल्पना आली. आनंदातल्या कल्पनांना वेळीच पाणी मारावं, पण ते मारणार कोण?

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरचे गवळी म्हशी सजवतात. म्हशीचे केस उतरवायचे, तेल चोपडून अंग आरशासारखं करायचं, शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांच्या माळा. मग मालक सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवर पुढं, आणि त्याच्या आवाजावर म्हैस मागं पळत येणार. पाडव्याला एकदा आणि भाऊबीजेला पुन्हा. म्हशीच्या अंगावर काहीबाही लिहायचीही पद्धत. शिवाप्पानं आजवर 'जांभळी तालीम' लिहिलं होतं, 'जय शिवराय' लिहिलं होतं, एका वर्षी 'पेपर वाचू नका, दूध प्या' असंही लिहिलं होतं.

ह्या वर्षी त्यानं गौरीला दोन दिवस घासली. गौरी म्हणजे काळी कुळकुळीत, बोट लावलं तर बोट घसरावं. गवळ्याच्या घरात काळा रंग म्हणजे दौलत. पोरासाठी सून गोरी शोधतील, पण म्हैस काळी नसेल तर दावणीला उभी करणार नाहीत, ही ह्यांची रीत. तर त्या गौरीच्या एका कुशीवर शिवाप्पानं पांढऱ्या रंगात वीतभर अक्षरांत लिहिलं, 'ओबीआण्णा १०'. आणि दुसऱ्या कुशीवर, 'काळा रंग जगात भारी'. लिहून झाल्यावर चार पावलं मागं जाऊन बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. आपल्या सगळ्यात लाडक्या जिवाच्या अंगावर आपल्या सगळ्यात लाडक्या माणसाचं नाव! ह्याच्या वरचा मान त्याच्या लेखी त्रिभुवनात नव्हता.

नीलम्मा करंज्या तळत होती. तिनं दारातून बघून सांगितलं, "झ्याक दिसती." म्हणजे घरात शहाणं कोणीच नव्हतं.

पाडव्याला गौरी अशी पळाली की पहिला नंबर आला. नारळ, फेटा, टाळ्या. ओबीआण्णा तेवढा तिथं नव्हता, तालमीच्या पोरांबरोबर जोतिबाला गेला होता. फोटोवाले होते, आणि त्यांच्यात जोतीरामचाही होता.

भाऊबीजेला सकाळी पेपर आला. शिवाप्पानं पहिलं पान उघडलं. गौरीचा फोटो! पहिल्या पानावर, रंगीत! त्यानं वाचायच्या आधी वीत लावली. एक, दोन, तीन, पाच विता! जांभळी तालमीच्या इतिहासात एवढी बातमी कधी आली नव्हती. "नीलम्मा!" तो ओरडला, "जोतीरामला आज दोन ग्लास, आणि वर साय!"

मग त्यानं मथळा वाचला. त्याला अक्षर लावून मोठ्यानं वाचायची सवय होती, त्यामुळं शेजारच्या तीन घरांनीही तो ऐकला. 'वर्णद्वेषाविरुद्ध मोर्चा काढणाऱ्यांचाच प्रताप! परदेशी खेळाडूचं नाव म्हशीच्या अंगावर.'

शिवाप्पा तडक जोतीरामच्या घरी गेला. जोतीराम अंगाला उटणं लावून पाटावर बसला होता.

"ऊठ! आधी मार खा, मग अंघोळ कर!"

"शिवाप्पा, मारा," जोतीराम म्हणाला. "पण ह्या बातमीतला एक शब्द खोटा दाखवा, आणि मग मारा."

शिवाप्पानं पेपर उघडला. सगळा वाचला. पहिल्यांदाच जोतीरामनं काहीही पदरचं घातलं नव्हतं. मोर्चाची तारीख बरोबर, नाव बरोबर, आकडा बरोबर, म्हैस बरोबर. चौदा वर्षांत आज पहिल्यांदा पेपरची चूक नव्हती, आणि नेमकी ती आज असायला पाहिजे होती.

"ओबीनं वाचलंय का?" त्याचा आवाज एकदम खाली आला.

"तेला मराठी बोलता येती, आपल्या नावापलीकडं वाचता येत न्हाई," जोतीराम म्हणाला. "पण शिवाप्पा, फोटो हाय की."

तालमीच्या खोलीत ओबीआण्णा पिशवी भरत होता. बूट वर्तमानपत्रात गुंडाळत होता, आणि ते वर्तमानपत्र आजचंच होतं. शिवाप्पा दारात उभा राहिला आणि एका दमात बोलत सुटला. म्हैस म्हणजे लक्ष्मी, काळा रंग म्हणजे आमची दौलत, त्या म्हशीला म्या लेकीवानी वाढवलंय, तिच्यावर नाव लिवणं म्हणजे ओबी, तू समजून घे, ह्यो मान हाय मान, अपमान न्हवं, तुला खुळ्या पेपरवाल्यानं फितवलंय.

ओबीआण्णानं सगळं ऐकून घेतलं. "म्हैस लक्ष्मी हाय?"

"व्हय!"

"लई देखणी हाय?"

"सबंध जिल्ह्यात तिच्यावानी न्हाई!"

"मग तुमच्या वडलांचं नाव लिवा की तिच्यावर."

शिवाप्पानं 'लिवतो की' म्हणायला तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यापुढं बसाप्पांचा हार घातलेला फोटो आला. बसाप्पांचं नाव म्हशीच्या कुशीवर, मागनं पोरं शिट्ट्या मारत पळालेली. कुणी तसं केलं असतं तर शिवाप्पानं त्याचं थोबाड फोडलं असतं.

"आण्णा, इतकी वर्षं म्हशी सजवालासा," ओबीआण्णा म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "घरातल्या एका तरी माणसाचं नाव लिवलं का कधी?"

कधीच लिहिलं नव्हतं. शिवरायांचं लिहिलं, तालमीचं लिहिलं, एकदा निवडणुकीत उमेदवाराचंसुद्धा लिहिलं. स्वतःचं नाही, बापाचं नाही, भावाचं नाही. असं का, ते त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि आज कळल्यावर तोंड वर करायची सोय राहिली नाही.

"सातच्या गाडीनं पुण्याला जातो," ओबीआण्णा म्हणाला. "आक्कानं भाऊबीजंला बोलवलंय. तिच्याकडनं ओवाळून घेतो आणि निघतो. तुमच्यासाठी येत न्हाई, आक्कासाठी येतोय."

शिवाप्पा घरी आला. रॉकेलचा बोळा घेऊन त्यानं गौरीच्या दोन्ही कुशी पुसल्या. पुसताना गौरी मान वळवून बघत होती. मग त्यानं पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. नीलम्मा बाहेर आली तोवर 'शिव' लिहून झालं होतं.

"अय्यो! काय करालायसा?"

"माझं नाव लिवालोय."

"पुरतं शिवलिंग नगा लिवू री, देव हाय त्यात!"

म्हणून मग त्यानं लिहिलं, 'शिवाप्पा गवळी, वय ५२'. दुसरी कूस मोकळी ठेवली. दुपारी तीनला मोटरसायकलला किक मारली आणि भाऊबीजेच्या मिरवणुकीत गौरीला घेऊन निघाला.

पहिल्या चौकापर्यंत कुणी काही बोललं नाही, कारण कुणाला काही कळलं नाही. मग कुणीतरी वाचलं, आणि सगळी गल्ली पेटली. "आरं शिवाप्पा, गाडीवर कोण आणि मागं कोण?" "दोन म्हशी चालल्यात, कुठली दूध देती रं?" "पन्नाशीत बी कास चांगली हाय!" पोरांनी मागनं रेकायला सुरुवात केली, आधी चार, मग चाळीस. आणि ही दगडी तालमीची पोरं नव्हती बरं का. सगळी जांभळीची. त्यांच्यात त्याचा सख्खा पुतण्या होता आणि तोच सगळ्यात मोठ्यानं रेकत होता. तारेवर ज्यांनी त्याला टाळ्या वाजवल्या, ज्यांनी त्याला गुलालात खांद्यावर घेतला, तीच माणसं आज पोट धरून हसत होती. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांच्या लेखी ती गंमत होती.

शिवाप्पा तीनदा गाडीवरनं उतरला, तीनदा मूठ वळली, आणि मारायचं कुणाला हेच त्याला कळेना. सगळेच आपले. कानाच्या पाळ्या तापून लाल झाल्या. एकदा त्यानं सगळं हसण्यावारी न्यायचं ठरवलं आणि तो हसला. हसला, तर त्यांना अजून चेव आला. दुसऱ्या गल्लीच्या टोकाला त्यानं गाडी वळवली आणि मागच्या बोळातनं घरी आला.

घरात नीलम्मानं पाट मांडला होता. ओबीआण्णा डोक्यावर शिवाप्पाचीच टोपी घालून बसला होता, टोपी त्याला टिचभर होत होती. शेजारी भरलेली पिशवी. नीलम्मानं ओवाळलं, करंजी भरवली आणि डोळ्याला पदर लावला. मग करंज्यांचा डबा तिनं पिशवीत घातला. म्हणजे तिनंही आशा सोडली होती.

शिवाप्पा उंबऱ्यातच बसला. घामानं डबडबलेला, हातावर पांढरा रंग. हात लेंग्याला पुसत म्हणाला, "ओबी, दोन गल्ल्यांत माझा जीव नकोसा झाला. तू दोन सीझन कसं काढलंस रं? आणि वर हसत हुतास."

ओबीआण्णानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आण्णा, तुमी तारंवर चढलासा. पेपरवर मोर्चा नेलासा, अकरा म्हशी नेलासा. माझ्या नावानं गुलाल उधळलासा. त्या दिवशी मी तालमीच्या खोलीत एकटा बसलोतो. बाहेर हलगी वाजत हुती. मला वाटलं, आता कोण तर आत येईल. कोण आलं न्हाई. दोन सीझन झालं, ओबी तुला काय वाटलं, असं एका माणसानं इचारलं न्हाई. तुमी बी न्हाई."

"आरं, पण त्या पेपरवाल्यानं..." शिवाप्पानं सुरुवात केली. नीलम्मानं त्याच्याकडं बघितलं. तो थांबला. सांगायला त्याच्याकडं पुष्कळ होतं. माफी होती, वीत होती, दगडी तालीम होती. त्यानं ते सगळं गिळलं, उंबऱ्यातनं उठला आणि पाटाच्या समोर जमिनीवर येऊन बसला.

"सांग," तो म्हणाला. "तुला काय वाटलं?"

ओबीआण्णानं आधी मान हलवली, काही नाही म्हणाला. शिवाप्पा तसाच बसून राहिला. मग ओबीआण्णा सांगायला लागला. पहिल्या दिवशी स्टँडवर उतरल्यावर काय वाटलं तिथपासून. केसांना हात लावणाऱ्या पोरांचं सांगितलं, केळ्याचं सांगितलं, आईला फोनवर सगळं ठीक आहे म्हणून सांगायचा तेही सांगितलं. मधे पेठेतली मराठी संपली, मग हिंदी आली, मग त्याची त्याची भाषा आली. ती शिवाप्पाला कळत नव्हती, तरी तो ऐकत होता. कट्ट्यावर गिऱ्हाइकं खोळंबली होती, जोतीराम दोनदा दारातनं डोकावून परत गेला, दावणीला म्हशी ओरडत होत्या. नीलम्मा हळूच उठली आणि धार काढायला गेली. सातची पुण्याची गाडी गेली, आणि ओबीआण्णाचं सांगून अजून संपलं नव्हतं.